उभा ठेवलेला उमेदवार

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला डोक्याला ताण द्यावा लागतो. पण विधानसभेच्या एका निवडणुकीत माझ्या हद्दीत घडलेलं अपहरणाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर येतं. त्यात खून नव्हता, रक्तही फारसं सांडलं नाही. तपास लागला, आरोपी सापडले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरीही त्याची आठवण निघाली की तोंड कडू होतं.

यात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. त्यातली बहुतेक माणसं हयात आहेत आणि एक-दोघं बऱ्या पदांवर आहेत.

मी तेव्हा पुण्याजवळ, दिघीच्या बाजूच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवडणूक जाहीर झाली की ठाण्याचा दिनक्रमच बदलतो. परवान्याची शस्त्रं जमा करून घ्यायची, जुन्या गुन्हेगारांवर प्रतिबंधक कारवाई करायची, नाकाबंदी लावायची, सभांच्या परवानग्या तपासायच्या. शिवाय रोज सकाळी हजेरीला उभ्या असलेल्या पोरांना बजावायचं, की कुठल्याही झेंडेवाल्या गाडीतला वडापाव खाऊ नका, फोटो निघतो.

त्या मतदारसंघाचे आमदार पंचाहत्तरी ओलांडलेले होते. सगळे त्यांना एका घरगुती नावानं हाक मारायचे; मी इथे तात्या म्हणतो. जुन्या गावकीतलं घर. इथली शेतं जाऊन कारखाने आले, कारखान्यांमागून चाळी आणि गुंठ्या-गुंठ्यावरची घरं आली, तरी आमदार तेच राहिले. पण आता हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती, कानाला कमी ऐकू येत होतं, व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंनी माणसं धरायची. पक्षानंही तिकिटासाठी त्यांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. समोर उभा होता तो एकेकाळी त्यांच्याच मागे पिशवी घेऊन फिरणारा कार्यकर्ता. आता जमिनींच्या व्यवहारात मोठा झालेला, तरुण, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला.

सरळ लढत झाली असती तर तात्या काठावर का होईना, निघाले असते. आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराचा तसा अंदाज होता आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. पण लढत सरळ नव्हती. मध्ये एक अपक्ष उभा होता.

हा अपक्ष मूळचा परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर वेल्डर म्हणून आला, कंत्राट संपलं तसं दिघीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. त्याच्या वस्तीत नळ नव्हता, सगळा भरवसा टँकरवर. त्यानं बायाबापड्यांना घेऊन टँकर अडवले, पालिकेच्या दारात हंडे मांडले, आमच्याकडूनही दोनदा प्रतिबंधक कारवाई ओढवून घेतली. निवडून येणार नाही हे त्याला माहीत होतं. पण त्याला पडणारी मतं ही मराठवाड्यातून आलेल्या कामगारांची, म्हणजे वर्षानुवर्षं तात्यांना पडत आलेली मतं होती. टपरीवर चहा पिणारासुद्धा सांगायचा, हा काही येत नाही, पण हा तात्यांना पाडणार.

अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी हा माणूस नाहीसा झाला.

दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. मागे वस्तीतली शंभरेक माणसं. माणसं घोषणा देत होती, ती देत नव्हती. ठाणे अंमलदारानं तिला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली. तिच्यामागून दोघंतिघं एकदम बोलू लागले, तात्यांची गुंडगिरी, लोकशाहीचा खून वगैरे. तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि मला म्हणाली,

"मला राजकारण कळत नाही साहेब. माझा माणूस सकाळी च्या पिऊन वर्कशॉपला गेला, तो घरला आला नाही. तेवढं लिहून घ्या."

वर्कशॉपमधल्या कामगारानं सांगितलं, की चाकणला एका शेडचं माप घ्यायला बोलावलं म्हणून मालक पांढऱ्या गाडीत बसून गेले. फोन मोशीच्या पुढे बंद झाला होता. मी आधी मिसिंगची, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद आणि संध्याकाळपर्यंत अपहरणाचा गुन्हा दाखल करून घेतला. गाडीच्या नंबरप्लेटवर चिखल फासलेला होता, त्यामुळे सीसीटीव्हीचा उपयोग झाला नाही.

कुणी केलं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अपक्षाचा उपद्रव तात्यांना, म्हणजे उचललं तात्यांनी. जबरदस्तीनं सही घेणार, माघारीचा अर्ज दाखल करणार आणि सोडून देणार. असे प्रकार आम्ही ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत पाहिलेले होते. वरिष्ठांचा फोन आला तोही याच सुराचा: तात्यांच्या पोरांना उचला, पण तात्यांना सांभाळून. म्हणजे निकाल तिकडेही लागलेलाच होता.

मी तात्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे, त्यामुळे माझे प्रश्न रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेले असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, वर फोन लावण्याची धमकीही दिली नाही. फक्त माझा हात धरून म्हणाले,

"उद्याच्याला तीनच्या आत त्याला शोधा साहेब. माझ्यासाठी म्हून शोधा."

संशयिताच्या तोंडी हे वाक्य मला विचित्र वाटलं. मी खोदून विचारलं, तीनच का? माघारीची मुदत दुपारी तीनला संपते हे मला ठाऊक होतं, पण त्यांना त्याचं काय पडलंय हे मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. ते म्हणाले, मी शब्दानं बांधलेला हाय, याच्याम्होरं काय बोलनार न्हाई. चहा घेतल्याशिवाय मला उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आळंदी रस्ता, मोशी, चिखली, सगळं पालथं घातलं. तात्यांची म्हणून ओळखली जाणारी पोरं ठाण्यात आणून बसवली. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवतो. ही पोरं प्रश्नाला प्रश्न विचारत होती. दुपारचे तीन वाजले. निवडणूक कार्यालयातल्या आमच्या माणसानं कळवलं, की अपक्षाचा माघारीचा अर्ज आलेला नाही. त्याला चिन्हही मिळालं. उमेदवार बेपत्ता आणि चिन्ह हजर.

वस्तीतल्या लोकांनी त्या संध्याकाळी तात्यांचा फ्लेक्स फाडून रस्त्यावर अंथरला आणि त्यावरून गाड्या नेल्या.

मला मात्र त्या तीन वाजल्यापासून चैन पडेना. सही घ्यायला उचललेला माणूस, आणि सहीच घेतली नाही? हा विचार एखाद्या खड्यासारखा बुटात टोचत होता इतकंच. बोलून दाखवण्यासारखं काही हातात नव्हतं.

त्याच रात्री खबर आली ती एका टँकरवाल्याकडून. इथल्याच जुन्या मुसलमान घरातला माणूस, वडील बैलगाडीनं पाणी वाहायचे, हा टँकरनं. अपक्षानं त्याचाच टँकर कितीतरी वेळा अडवलेला. तो ठाण्यात न येता माझ्या गाडीजवळ येऊन थांबला. म्हणाला, निघोज्याच्या पुढे एक फार्महाऊस आहे, तिथे पाणी टाकायला गेलो होतो. मागच्या खोलीतून कुणीतरी ओरडत होतं, की पाय सुजलाय, डॉक्टरला बोलवा. आवाज ओळखीचा वाटला.

"एवढी खात्री?" मी विचारलं.

"साहेब, त्या माणसानं भर रस्त्यात इतक्या वेळा मला शिव्या घातल्यात, की त्याचा आवाज मी झोपेतबी ओळखीन. आमच्या धंद्यावर उठलाय तो. पण घरी बायको-पोरं हायेत त्याला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गेलो. पंच बरोबर घेतले होते. फार्महाऊसला मोठं फाटक, आत लॉन, झोपाळा, कारंजं. राखणीला दोघं. एक चाकणच्या बाजूचा टुकार पोरगा, तो भिंतीवरून उडी मारून पळाला आणि आमच्या शिपायांनी शेतात धरला. दुसरा साठीला टेकलेला, टोपीवाला गडी. तो पळाला नाही. त्यानं स्वतःच खोलीची कडी काढून दिली.

आत आमचा उमेदवार पलंगावर बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. माघारीच्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या खिडकीतून उडी मारायला गेला आणि घोटा मोडून बसला. बाकी अंगावर ओरखडा नव्हता. शेजारी जेवणाचं ताट, पाण्याची बाटली, मधुमेहाच्या गोळ्या.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर मी त्याच्याजवळ एकटा बसलो. पहिला प्रश्न विचारला, "सही मागितली का तुमच्याकडं?"

"नाही."

"कसला कागद पुढं केला?"

"काहीच नाही साहेब. मीच मागायलो होतो. म्हणलं, मला निवडणूक कार्यालयात घेऊन चला, अर्ज काढायचाय मला. तर तो म्हातारा म्हणायला, आता गप पडून ऱ्हावा, तीन वाजले की सोडतो. तीन वाजून गेले, पण पाय असा बघून सोडायला घाबरले ते."

मी उठून दार लावून घेतलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. आठवडाभर आधी तात्यांनी त्याला घरी बोलावलं होतं. धमकी नाही, आमिष नाही. तात्या म्हणाले, ही माझी शेवटची. वस्तीच्या पाण्याच्या लाइनचं काम मी मंजूर करून आणलंय, आता पडलो तर ते दुसऱ्याच्या नावावर जाईल, नाहीतर बासनात पडेल. तू आता थांब, पुढच्या वेळी तू उभा राहा, मी तुझ्या प्रचाराला येईन. अपक्षानं ऐकलं. म्हातारा खरं बोलतोय असं त्याला वाटलं. ठरलं असं, की माघार शेवटच्या दिवशी घ्यायची आणि तोवर दोघांनीही अवाक्षर काढायचं नाही. आधी कळलं असतं तर वस्तीतली पोरं त्याला विकला गेला म्हणाली असती. त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तात्यांनी ओसरीवर पाळलेला शब्द तो हा.

म्हणजे उचलणाऱ्यानं त्याला स्पर्धेतून काढण्यासाठी उचललं नव्हतं. स्पर्धेत ठेवण्यासाठी उचललं होतं. आणि माघारीचं गुपित दोघांनाच माहीत होतं.

"बोलणं झालं तेव्हा खोलीत कोण होतं?"

"कोणीच नाही. तात्या आणि मी." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण साहेब, तात्यांशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतंय ना. शेजारच्या खोलीत त्यांचा पोरगा होता. मधून त्यानंच च्या आणून दिला."

तात्यांचा मुलगा तेव्हा पन्नाशीला आलेला. बापाच्या मागे उभं राहून त्याचे केस पिकले होते. दर निवडणुकीला लोक म्हणायचे, आता या खेपेला पोराला, आणि दर खेपेला अर्ज बापाचाच भरला जाई. पण संशय आणि पुरावा यांत अंतर असतं. मी ठाण्यात परतलो आणि त्या टोपीवाल्या गड्याला समोर बसवलं.

तो तात्यांचा जुना ड्रायव्हर होता. तात्या सरपंच होते तेव्हापासूनचा. आदल्या वर्षी डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून गाडी सोडली होती. पकडल्यापासून त्यानं एकच धरून ठेवलं होतं: माझं मीच केलं, मला कुणी सांगितलं न्हाई. तपास पथकाच्या, म्हणजे डीबीच्या पोरांनी आवाज चढवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. असा माणूस मारानं बोलत नाही. तो कुणासाठी तरी गप्प असतो, आणि ज्याच्यासाठी गप्प आहे त्याचंच नुकसान होतंय हे कळल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मी त्याला चहा दिला आणि सरळ सांगितलं, की लोकांच्या मते हे तात्यांनी केलंय आणि गुन्हा त्यांच्यावर जाणार.

"तात्यांचा काय संबंध न्हाई," तो म्हणाला.

"तो माणूस माघार घेणार होता, हे तुला माहीत होतं?"

त्यानं मान वर केली. मी सगळं सांगितलं. अपक्ष तात्यांसाठीच बाजूला होणार होता. तू त्याला कोंडून ठेवलंस आणि त्याची मतं आता तात्यांच्या मतांतून कापली जाणार. त्यानं ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

"मला सांगितलं, तात्यांचंच काम हाय म्हून," तो म्हणाला. "म्हनले, त्यो बाहेर ऱ्हायला तर तात्यांवर खोटी केस करनार हाय, तीन वाजेपर्यंत दाबून ठेवा, पर तात्यांना इचारू नका, त्यांच्या जिवाला सोसायचं न्हाई. घरच्याच मानसानं सांगितल्यावर मी कशाला संशय घेऊ?"

"कोणी सांगितलं?"

"धाकल्या मालकांनी."

त्यानंतर तो टोपी काढून भिंतीकडे तोंड करून बसला. मी पोरांना बाहेर काढलं आणि त्याला तसंच बसू दिलं.

पुढचं सोपं होतं. फार्महाऊस मुलाच्या धंद्यातल्या भागीदाराचं निघालं. दुसऱ्या राखणदाराच्या फोनवर मुलाच्या माणसाचे फोन होते. प्रतिस्पर्धी उमेदवारापर्यंत मात्र धागा पोचला नाही. त्याच्यात आणि मुलात काय ठरलं होतं, हे ते दोघंच जाणोत.

मुलगा बोलावल्यावर आला, वकिलासह. इस्त्रीचे कपडे, आवाज शांत. जबाबात त्यानं सगळं नाकारलं. वकील कागद आणायला बाहेर गेला तेव्हा मी विचारलं, बापाला पाडून काय मिळवलंत?

"तुम्ही त्यांना मागच्या सभेत बघितलंत?" तो म्हणाला. "भाषण करता करता विसरले. पंधरा-वीस हजार माणसांसमोर माझ्याकडं बघत उभे राहिले. पुढचं वाक्य मी खालून सांगितलं. मी गेली वीस वर्षं पुढचं वाक्य सांगतोय, साहेब. ते आपण होऊन थांबणारे नव्हते."

"मग त्यांना तसं सांगायचं."

"सांगितलं. त्यांना ऐकू येत नाही." एवढं बोलून तो हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही.

तात्या ठाण्यात आले ते त्याच दिवशी संध्याकाळी. गाडीतून उतरून माझ्या केबिनपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. ठाण्यातला हवालदारापासून शिपायापर्यंत प्रत्येकजण उठून उभा राहिला. त्यांना घरात सगळं कळलं होतं. खुर्चीत बसल्यावर म्हणाले,

"नाव माझं घाला."

मी म्हणालो, तुमचा यात हात नाही, कसं घालू?

"लोकांनी घातलंच हाय की. तुमीबी घाला. पोराला बाहेर ऱ्हाऊ द्या. माझं काय ऱ्हायलंय आता."

मी त्यांना कायदा सांगितला, मोठ्या आवाजात, दोन दोनदा. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, मग मतदान झाल्यावर तरी धरा. तेही माझ्या हातात नव्हतं. पुरावा समोर असताना प्रमुख आरोपीला मतदानापर्यंत मोकळा ठेवला असता, तर तपासच सत्ताधाऱ्यांच्या खिशात गेला असं म्हटलं गेलं असतं, आणि ते खरंही ठरलं असतं. मी वरिष्ठांना अहवाल दिला, त्यांनी होकार दिला आणि मुलाला अटक झाली.

माझा तपास बरोबर होता. आरोपीही खरा होता. आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी एकच होती: अपक्षाच्या अपहरणात आमदारपुत्राला अटक.

वाचणाऱ्यानं त्यातून जो अर्थ काढायचा तोच काढला. मुलगा सापडला, म्हणजे बापानं केलं. बापाला पाडण्यासाठी मुलानं केलं, हे कुणाच्या डोक्यात येणार? तपासाचा तपशील मला उघड करता येत नव्हता. तात्या स्वतः मुलाविरुद्ध बोलणार नव्हते. खरी गोष्ट सांगून तात्यांना सोडवू शकेल असा एकच माणूस बाहेर होता, तो म्हणजे अपक्ष.

मी त्याच्या घरी गेलो. बाहेर गर्दी होती, ढोल होते. प्रतिस्पर्धी उमेदवार कालच येऊन त्याला हार घालून, फोटो काढून गेला होता. आतल्या खोलीत प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून हा बसला होता. मी म्हणालो, पुरवणी जबाब द्या. तुम्ही माघार घेणार होतात एवढं लिहून द्या. जबाबात आलं की आरोपाचा रोख बदलतो. आणि चार लोकांत बोललात तर एका म्हाताऱ्या माणसाचं नाव वाचेल.

त्यानं प्लास्टरखालची उशी नीट केली.

"साहेब, माझ्यासाठी ह्या लोकांनी रस्ता अडवला. लाठ्या खाल्ल्या. आता मी सांगू, की मी तात्यांशी आधीच बोलून बसलो होतो? दारात उभं करतील का मला उद्या?"

"ते खरं आहे ना पण?"

"खरं हाय. तुमच्यापाशी बोललो ते सगळं खरं हाय. पण सहीचं म्हणाल तर माझ्यानं होणार नाही."

त्याची बायको दारात उभी होती. तिनं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, सांगून टाका की." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेरून पोरांनी हाक मारली, फेरीची वेळ झाली होती. चौघांनी खुर्चीसकट त्याला उचललं आणि उघड्या टेम्पोत ठेवलं. प्लास्टरचा पाय पुढे करून, हात जोडून तो सगळ्या मतदारसंघात फिरला.

निकालात तात्या पडले. ज्या फरकानं पडले त्याहून पुष्कळ जास्त मतं अपक्षाला मिळाली होती. मतमोजणीच्या ठिकाणी बंदोबस्ताला मीच होतो. तात्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबले, विजयी उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीकडे निघाले. बाहेर कुणीतरी ओरडलं, अपहरणकर्ते. त्यांना ते ऐकू गेलं नसावं, अशी मी समजूत करून घेतली.

खटला उभा राहीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. अपक्षानं कोर्टात सांगितलं, की मी तिथे आपणहून आराम करायला गेलो होतो आणि घसरून पडलो. तोपर्यंत तो नव्या आमदाराच्या गटातून पालिकेच्या तिकिटाच्या तयारीला लागला होता. जुन्या ड्रायव्हरनं माझ्यापुढे सांगितलेलं सगळं कायद्याच्या दृष्टीनं शून्य होतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. कोर्टात तो गप्प राहिला. तात्यांनीच त्याला निरोप पाठवला होता, की आता काही बोलू नकोस, पोराचं वाटोळं होईल. सगळे पुराव्याअभावी सुटले. मुलगा आज नव्या आमदाराबरोबर व्यासपीठावर असतो. वस्तीत पाण्याची लाइनही आली. उद्घाटनाच्या पाटीवर तात्यांचं नाव नाही.

मी पिंपळे गुरवला राहतो. मागच्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयात तात्या दिसले. चाकाच्या खुर्चीत होते आणि खुर्ची मुलगा ढकलत होता. त्यानं वाकून त्यांची शाल नीट केली, त्यांच्या तोंडाला लागलेला भाताचा कण रुमालानं पुसला. अगदी मनापासून करत होता, त्यात देखावा नव्हता. माझ्याकडे पाहून त्यानं नमस्कार केला. तात्यांनी मला ओळखलं नाही.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, की गुन्ह्यात फायदा कुणाचा हे आधी बघा. या प्रकरणात मी ते बघितलं म्हणूनच आरोपी सापडला. पण तपासाचा फायदा कुणाला होतो, हे बघायला कुणी शिकवत नाही. आम्ही सत्य शोधून लोकांपुढे ठेवतो, आणि लोक आपल्याजवळच्या तयार साच्यात ते ओततात. मुलगा धरला गेला, बाप बदनाम झाला, ज्याच्या पथ्यावर हे पडलं तो निवडून आला. माझ्या सेवापुस्तकात या तपासाबद्दल बक्षिसाची नोंद आहे. ती खोडा असं मी कुणाला सांगणार?

तो जुना ड्रायव्हर एकदा माझा पत्ता शोधत घरी आला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. बायकोनं पोहे केले, ते त्यानं निमूटपणे खाल्ले. निघताना चपला घालता घालता म्हणाला,

"साहेब, मी त्या दिशी तुमच्यापुढं खरं बोललो नसतो, तर तात्या निवडून आले असते का?"

मी त्याला म्हणालो, तू खरं बोललास, ते बरोबरच केलंस.

"तसं न्हाई इचारलं मी," तो म्हणाला, आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरू लागला.